विठूचा मासा

आमच्या वळ गावात कुणी मोठी थाप मारली की ऐकणारा म्हणतो, "हा विठूचा मासा!" आता इथे गोदामं इतकी झाली आहेत की बाहेरून आलेले हमालसुद्धा हे बोलायला शिकले. विठू कोण, हे त्यांना ठाऊक नाही. विठू म्हणजे आमचे हे.

त्या काळी खाडीत डुबी मारून रेती काढत. बादली घेऊन तळाशी जायचं, रेती भरायची, वर यायचं. एकदा ह्यांच्या बादलीत रेतीऐवजी एक जडशीळ तुकडा आला. जात्याएवढा गोल, आणि बाजूंना मोडक्या पंखांसारखे उंचवटे. मी नवी नवरी होते, भाकरी घेऊन काठावर गेले होते. ह्यांनी तो तुकडा पुसला आणि चक्क जिभेला लावला. मी ओरडलेच.

"चिकटतंय," हे म्हणाले. "दगुड असा चिकटत न्हाय. मोठ्या मासळीचं डोकं हाय हे."

गाव हसलं. एवढा मासा खाडीत मावेल का? जाणत्यांनी निकाल दिला, की हे वज्रेश्वरीने मारलेल्या राक्षसाचं हाड. रक्त तिकडे अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत अजून उकळतंय, हाड देवीने इकडे भिरकावलं. मग शेंदूर लागला, ओटा बांधला, हाडोबा असं नाव पडलं. हातपाय मोडलेली माणसं नवस बोलू लागली. हाडं जुळतही. प्लास्टर घालूनच यायची ती माणसं, पण नारळ हाडोबाला. हे मात्र मरेपर्यंत "मासाच हाय" म्हणत राहिले आणि गाव हसत राहिलं. ते हसणं माझ्या डोळ्यांदेखत थांबावं, एवढीच माझी इच्छा होती. थांबणार याबद्दल मला कधी शंका नव्हती. फक्त मधे शेंदूर होता.

यंदा माघात एक कंटेनर गोदामाकडे मागे घेताना ओट्यावर आदळला. हाडोबाला खरचटलं नाही, पण शेंदराच्या थरांना वरपासून खालपर्यंत तडा गेला. माझी नात क्षितिजा कॉलेजात भूशास्त्र शिकते. तिने फटीत मोबाइलचा उजेड टाकला आणि धावत घरी आली.

"आजी, आत जाळी दिसते. दगड नाहीये तो!"

दुसऱ्या दिवशी तिने तिच्या रीमा मॅडमना बोलावून आणलं. आम्ही ओट्यापाशी पोचलो तेव्हा हाडोबाचा पुजारी काळूराम वाटीत तेल-शेंदूर कालवून बसला होता. तडा बुजवणार होता.

"काळूराम, थांब जरा. मॅडमना बघू दे."

"काय बघायचंय, वहिनी? देव हाय तो."

रीमा मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "फटीतून नीट कळत नाही. शेंदूर निघाला तरच सांगता येईल."

"मग न्हाय निघणार! देवाला कोन खरवडतं का? उद्या सांगाल, ह्यो नुसता दगुड. मंग मी काय दगडापुढं दिवा लावत बसू?"

त्याने बोटांवर शेंदूर घेतला. आता बुजवला असता तर माझ्या हयातीत पुन्हा उघडला नसता.

"काळूराम," मी म्हटलं, "कवच कोण सोडतं रे?"

त्याचं बोट हवेतच राहिलं. "देव सोडतो."

"शेंदराचं ओझं झालं की देव आपणच कवच टाकतो. वेशीवरच्या मारुतीने टाकलं होतं. तुझ्या बापाने ते वाजतगाजत खाडीत सोडलं. तू ताशामागे नागडा नाचत होतास."

जमलेल्या बाया फिदीफिदी हसल्या.

"मारुतीला काय कंटेनर न्हवता लागला," काळूराम पुटपुटला.

"देवाच्या मनात आलं तर तो कंटेनरही बोलावतो. आता तू बुजवलंस तर देवाचं सुटतं कवच अडवलंस असं होईल. घे जोखीम."

त्याने वाटी खाली ठेवली. नारळ फोडला, हात जोडले आणि स्वतःच्याच हातांनी शेंदराची ढलपी सोडवली. मग दुसरी. आत तेच होतं, काळसर, खरबरीत, मी काठावर पाहिलेलं.

रीमा मॅडमनी बराच वेळ बोटं फिरवली, टेपने मापं घेतली.

"मणका आहे," त्या म्हणाल्या. "देवमाशाचा. मेल्यावर समुद्रातून खाडीत वाहत आला असेल, गाळात रुतला. आता अर्धा दगड झालाय. किती जुना, ते तपासून सांगेन."

"जिभेला चिकटेल?" मी विचारलं.

त्या हसल्या. "चिकटेल, पण लावू नका! हाडातली जाळी ओल शोषून घेते, म्हणून चिकटतं."

माझी मान ताठ झाली असावी, कारण त्यांनी लगेच पुढचं सांगितलं. "पण आजी, हे डोकं नव्हे हं. शेपटीकडचा भाग आहे. आणि देवमासा म्हणजे मासाही नव्हे. तो पिलांना दूध पाजतो."

"म्हंजे विठूदादा निम्मा खोटाच!" काळूराम खूश झाला.

"निम्मा चालेल. तुझा राक्षस तर पुरा गेला."

तो ओट्याच्या कडेवर बसला. "मंग आता मी काय करू, वहिनी?"

"दिवा लाव. माणसं बरी झाली ती कुणामुळे, हे तपासायला मॅडम आलेल्या नाहीत. शेंदूर मात्र पुन्हा नको."

मॅडमनी तपासणीपुरता एक कण घेतला. काळूरामने टिळा लावला तो ओट्याला, हाडाला नाही.

संध्याकाळी ताशा लावून कवच खाडीत सोडलं. परतताना टेम्पोवाला जीवन माझ्यापुढे फोनवर सासरच्यांशी बोलत चालला होता. "आमच्या खाडीत घराएवढा मासा निघाला!" पलीकडून कुणीतरी हसलं असावं. जीवन रस्त्यातच थांबला आणि ताशाच्या वर आवाज चढवून म्हणाला, "थाप न्हाय हो, मामा. विठूचा मासा हाय!"