हातोहात गेलेलं पुस्तक

सुधींद्रच्या पत्राला वासुदेवांनी उत्तर दिलंच नव्हतं. हा कॉलेजातला मित्र पुण्यात वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करून विकायचा. त्यानं विचारलं होतं, ‘तुझं ते हातोहात कसं जमवलंस? मला काही जमत नाही.’ जमत नाही, एवढंच वासुदेवांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि पत्र कपाटात ठेवून दिलं.

बंगळुरूत मल्लेश्वरमच्या मराठी वाचनालयातलं पुस्तक परत येण्याआधीच शेजारणीच्या घरी पोचायचं. निवृत्तीनंतर धडपडत शिकून वासुदेवांनी जो प्रोग्रॅम लिहिला, त्यात नुसता फोन आला तरी पुस्तक एकीच्या नावावरून दुसरीच्या नावावर चढे; यालाच सगळे ‘हातोहात’ म्हणत. आयुष्यात एवढं एक आपल्याला धड जमलं, असं त्यांना कधीमधी वाटे.

रविवारी वाचनालयाच्या समितीपुढे तरुण सभासद श्वेतानं लॅपटॉप उघडला. ती इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या संगणक कंपनीत नोकरीला होती. “काका, सुधींद्रकाकांचं विकत घेऊ या. मोबाइलवर चालतं. बिघडलं तर त्यांची माणसं आहेत.”

पडद्यावरून मुखपृष्ठं झुळझुळत सरकली. वासुदेवांना सुधींद्र आठवला. कॉलेजातही मेल्याचं अक्षर असंच देखणं होतं.

“आणि हातोहात?” त्यांनी हळूच विचारलं.

“ते नाहीये त्यात.”

“मग नको ग बाई,” अनुसूयाक्का म्हणाल्या. “शेजारच्या गंगव्वाला पुस्तक द्यायला आधी मी इथवर येऊ होय? गुडघे बघ माझे! वासुदेवअण्णांचंच बरं.”

सगळे हसले. ठरलं, घरचंच ठेवायचं. वासुदेवांना चहासुद्धा गोड लागला.

जिना उतरताना अक्कांनी त्यांचा हात धरला. “अण्णा, तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मशीन रुसलं, अन् वाचनालयाला कुलूप. तुम्ही गेल्यावर आम्ही काय करायचं हो?”

“कुठे गेल्यावर?”

“वर!” अक्का मजेत म्हणाल्या. “स्वल्प विचार करा की.”

वासुदेव तिथेच थबकले. मग एकेक पायरी चढून परत वर गेले. “श्वेता, सुधींद्रचंच घ्या. हातोहात येईल त्यात.”

घरी त्यांनी सुधींद्रच्या पत्राला उत्तर म्हणून सगळी युक्ती उलगडून लिहिली, एकही खाचखोच न लपवता. शेवटी लिहिलं, ‘तुझा पडदा फार भडक आहे.’ ते खोटं होतं, म्हणून खोडलं. थोड्या वेळानं पुन्हा लिहिलं. मग पाकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेले आणि आत टाकलं.