उरलेला एक

"उताणीऽऽ!" कवडीबाबा ओरडला आणि वाळूवर उभी असलेली निम्मी माणसं मुकाट खाली बसली.

घाटावरून आलेल्या या बाबाची रीत सोपी होती. सारा गाव उभा करायचा. कवडी उताणी पडेल म्हणणाऱ्यानं उजवा हात वर करायचा, पालथी म्हणणाऱ्यानं डावा. चुकला तो बसला. असं करता करता जो एकटा उभा राहील, तो देवीनं निवडलेला! मग बाबा डोळे फिरवायचा, "हिंग क्लिंग फट्! आईची नजर पडली रेऽ!" म्हणून किंचाळायचा आणि नारळांची रास पोत्यात भरायचा.

त्या शनिवारी एकटी उरली ती हौसा. तिचा आनंदा घसा सुजून घरी पडला होता. बाबानं अंगारा दिला आणि बजावलं, "पोराला खाडी ओलांडू देऊ नको. आई कोपेल!"

आत्माराम मास्तर दुपारी तिच्या दारी गेले. शाळेत हिशेब शिकवणारे आणि शनिवारी मारुतीच्या देवळात कीर्तनाला उभे राहणारे मास्तर. पोराची घरघर त्यांना अंगणातच ऐकू आली.

"हौसा, बाय गो, आत्ताच्या आत्ता पलीकडे रत्नागिरीला डॉक्टरकडे ने त्याला."

"येवढ्या मान्सांत मीच उरलंय, मास्तर. आईचा हात हाय माज्यावर. तो कसा झिडकारू?"

खाडीच्या तरीवर होडी हाकणारा केरू तिथंच विडी ओढत बसला होता. "मी तर होडी सोडनार नाय. आई कोपली तर बुडनार माजी होडी, तुमची शाळा नाय!"

मास्तर देवळाकडे वळले. कीर्तनात देव नेहमी त्यांच्या मदतीला यायचा. आजही येईल, असं त्यांना वाटलं.

दिवेलागणीला देऊळ भरलं. हौसा पोराला मांडीवर घेऊन खांबाशी बसली होती. मास्तरांनी मधेच कीर्तन थांबवलं.

"उभे राहा सगळे! माझ्याकडे कवडी नाही, पण ही झांज आहे; फेकली की तीही उताणी नाहीतर पालथी पडते. मी आधीच सांगतो, सहा-सात फेकींत एकच उरेल. कोण, ते मला ठाऊक नाही. पण उरेल!"

उभे होते चौसष्ट. झांज फरशीवर खणखणली, बत्तीस-तेहतीस बसले. मग निम्म्याचे निम्मे. मग आठ, चार. शेवटच्या दोघांना मास्तरांनी वेगवेगळे हात वर करायला लावले.

उरला केरू.

"बघा!" मास्तरांचा आवाज चढला. "केरूनं काय तप केलं? विड्या फुंकल्या! दर फेकीला निम्मे बसवले की शेवटी कुणीतरी उरणारच. बाबाचा चमत्कार तो एवढाच. बसलेल्यांकडे तो तुम्हाला बघू देत नाही, झालं!"

पुढच्यांनी माना डोलावल्या. पटलं, असं मास्तरांना वाटलं. तेवढ्यात म्हातारी सोनूबाई उठली आणि तिनं केरूच्या पायांवर डोकं टेकलं.

"बाबाचं काय, वाळूवरचं! ह्यो मारुतीच्या म्होरं उरला!"

पाठोपाठ हौसा आली. "केरूदादा, तू सांग. पोराला नेव काय?"

केरू पांढराफटक पडला. त्यानं मास्तरांकडे पाहिलं.

'हा देव नव्हे' असं मास्तर म्हणाले असते, तर शिकवण शाबूत राहिली असती. पण खांबाशी ती घरघर वाढत होती. मास्तरांनी मारुतीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ते केरूच्या कानाशी पुटपुटले, "ने म्हण."

"ने," केरू म्हणाला. होडी त्यानंच हाकली.

आनंदा वाचला. डॉक्टरनं वाचवला. गावात मात्र कुणी डॉक्टरचं नाव काढलं नाही.

काही दिवसांनी मास्तर केरूच्या खोपटाशी गेले, तेव्हा दारात नारळांची रास होती आणि केरूच्या कपाळाला शेंदूर. कवडीबाबा कधीच पाली गावाच्या वाटेला लागला होता.

"मास्तर, म्या हजारदा सांगितलं, मी कोन नाय म्हनून. आयकत नायत. आता चिमा आलीय, तिचं पोर तापानं फणफणलंय. काय सांगू?"

"डॉक्टर सांग."

"सांगतो." केरू घुटमळला. "आनि तुमी नसाल तवा?"

मास्तरांनी दारातून डोकावून पाहिलं. आत चिमा हात जोडून बसली होती.

श्रोतेहो, ही गोष्ट सांगणाऱ्या माझीही देवावर भक्ती आहे. कीर्तन ऐकताना अजून डोळे भरून येतात. म्हणूनच हात जोडून सांगतो. चौसष्ट उभे राहिले, की एक उरतोच. त्याच्या पायाशी वाकण्याआधी मागं वळा आणि खाली बसलेले त्रेसष्ट एकदा बघून घ्या.