लिलाववाले आणि टोपीवाल्याचा कुत्रा

आमच्या गल्लीतल्या लिलाववाल्यांचा आवाज असा होता, की एकदा त्यांनी एका कपाटाची बोली पुकारली आणि कपाटाची दोन्ही दारं आपोआप उघडली. खोटं वाटत असेल तर समोरच्या शिंप्याला विचारा. तो म्हणतो एकच दार उघडलं, पण शिंपी मुळातच कापड वाचवणारा माणूस.

हा आवाज लिलावाच्या दिवशी दुकानात आणि बाकीच्या दिवशी रस्त्यावर वापरला जाई. कारण गल्लीत येणारी परकी माणसं. दूरदूरच्या घरांतून कुत्री घेऊन यायची, आपल्या दारात घाण नको म्हणून आमच्या दारात करवायची आणि कुत्रा वाकला की आभाळात विमान शोधायला लागायची. कुत्रा उठला की यांचं विमानही गेलेलं असे. मग चालू लागायची.

लिलाववाले दुकानाच्या पायरीवर उभे राहून फक्त एवढंच म्हणत, "साहेब, माल तुमचा आहे. उचला. एक वार…"

समोरचा माणूस दचकून थांबे.

"दोन वार…"

खिशात हात जाई. कागद, रुमाल, एकदा तर एका बाईनं हातमोजा काढला. तीन वार म्हणेपर्यंत फरशी लख्ख. तीस वर्षांत तिसरा वार होऊनही माल जागेवर राहिला असं कधी झालं नव्हतं. शिंपी म्हणायचा की काही कुत्री त्यांचा आवाज ऐकून स्वतःच आपलं आपण मातीनं झाकतात.

दुकानाच्या वर लिलाववाल्यांचं घर. तिथे ते आणि काकू. काकूंना सगळी गल्लीच काकू म्हणे, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. काकू कमी बोलत. हसत तर त्याहून कमी. पण एकेकाळी त्या अशा हसल्या होत्या की लिलाववाल्यांचं लग्न झालं. वडिलांबरोबर आरसा घ्यायला आल्या होत्या. बोली ऐकून त्यांना हसू फुटलं, ते आधी नाकातून निघालं आणि मग आवरेना. लिलाववाले आकडा विसरले आणि हातोडी स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतली. अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे. ते नख बघत ते कधीकधी विचार करत, ते हसू गेलं कुठे? रोज संध्याकाळी दोघं दुकानाबाहेरच्या दोन खुर्च्यांवर चहा घेत. त्या खुर्च्या त्यांनी कधी लिलावात काढल्या नाहीत. पण हसू काही परत आलं नव्हतं.

तर एका संध्याकाळी टोपीवाला आला.

त्याचा कुत्रा एवढा मोठा होता की त्याचं नाक आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा शेपटी अजून मागच्या चौकात लोकांना वाट देत होती. कुत्रा दुकानासमोर थांबला, विचारपूर्वक वाकला, आणि जे काही मागे ठेवलं त्याला वळसा घालून पाववाल्याला सायकल न्यावी लागली. टोपीवाल्यानं आभाळाकडे बघितलं.

लिलाववाले पायरीवर आले. "साहेब, माल तुमचा आहे. उचला. एक वार… दोन वार… तीन वार."

टोपीवाल्यानं टोपी काढली. सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काय आवाज आहे हो. छातीतून काढता की पोटातून?" आणि टोपी घालून निघून गेला.

लिलाववाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ते इतक्या जोरात ओरडले की शिंप्याच्या सुईतला दोरा निसटला. टोपीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी लिलाववाल्यांचा घसाच बसला. तोंड उघडलं तर जुन्या बिजागरीसारखा आवाज.

"तुम्ही बसा," काकू म्हणाल्या. "आज मी बघते."

त्या सुपली आणि कागद घेऊन खाली आल्या. लिलाववाले दुकानातल्या काचेआडून बघत होते. काकू टोपीवाल्याजवळ गेल्या आणि कुणी छत्री विसरून चाललं असावं अशा सुरात म्हणाल्या, "अहो, तुमचं काहीतरी राहिलं बरं का इथे."

टोपीवाला कानापर्यंत लाल झाला. वाकला. उचललं. फरशी पुसलीसुद्धा. कुत्रा काकूंच्या पायावर डोकं टाकून आडवा झाला, म्हणजे अर्धा रस्ता बंद झाला. मग टोपीवाला काहीतरी बोलला आणि काकू हसल्या. आधी नाकातून. मग आवरेना.

लिलाववाल्यांचा वाकडा अंगठा ठणकायला लागला.

"झालं काम," काकू आत येऊन म्हणाल्या. "चहा टाकू?"

लिलाववाल्यांनी बसक्या घशानं विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही. कुत्र्याचं."

दुसऱ्या दिवशी टोपीवाला आला, कुत्रा वाकला, टोपीवाला निघाला. पण आता तो अगदी सावकाश निघाला, दर पावलाला मागे बघत. काकू खाली गेल्या. "राहिलं बरं का." उचललं. गप्पा. हसू. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी काकूंनी जाण्याआधी दुकानातल्या आरशात केस सारखे केले. तोच आरसा, ज्यासाठी त्या वडिलांबरोबर आल्या होत्या. तो तेव्हा विकलाच गेला नव्हता.

"रोज सांगावं लागतं त्याला?" लिलाववाल्यांनी विचारलं. "मठ्ठ आहे का?"

"सवय लागायला वेळ लागतो."

"आणि अर्धा अर्धा तास काय बोलता?"

"सांगितलं ना, कुत्र्याबद्दल."

"कुत्र्याबद्दल अर्धा तास?"

"कुत्रा मोठा आहे," काकू म्हणाल्या.

इकडे खुर्चीवरचा चहा निवायला लागला. लिलाववाल्यांच्या मनात नको ते आकडे फिरायला लागले. कुठल्याही वस्तूकडे बघून ती कितीला जाईल हे सांगणारा माणूस तो, आता टोपीवाल्याला जोखायला लागला. टोपी चांगल्या प्रतीची. बूट मळलेले, पण चामडं अस्सल. दात स्वतःचे. बायको दिसत नाही. आणि कुत्रा तर, काय सांगावं, काकूंच्या हातून बिस्किट खातो. कुत्र्याचासुद्धा हेवा वाटावा अशी वेळ आली. शिंपी समोरून सगळं बघत होता. तो बटण लावता लावता म्हणाला, "लिलाववाले, घसा सुधारला की नाही? नाही, तुमच्या दारात दुसऱ्याचीच बोली चाललीय म्हणून विचारलं."

घसा सुधारलाच होता. लिलाववाले तडक उठले. टोपीवाला, काकू आणि कुत्रा उभे होते तिथे गेले. माल अजून फरशीवरच होता, कारण गप्पा आधी सुरू झाल्या होत्या.

"साहेब," लिलाववाले गरजले, "उचला. एक वार…"

पुन्हा आवाज ऐकून गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. लोक खूश झाले.

"दोन वार…"

आणि तेव्हा टोपीवाल्यानं टोपी काढायला हात वर केला.

आता, हात वर करणं म्हणजे तुम्हाआम्हाला काही विशेष नाही, पण ज्यानं तीस वर्षं दुसरं काही बघितलंच नाही त्याला विचारा. हात वर म्हणजे बोली. लिलाववाल्यांनी बघितलं, हात वर आहे. त्याच्या शेजारी काकू उभ्या आहेत. दोन वार होऊन गेले आहेत. समोर दुसरा हात नाही. आणि तीन वार म्हटलं की समोर जे काही आहे ते त्या हाताचं होतं, मग परत मिळत नाही.

त्यांचं तोंड उघडं राहिलं. तिसरा वार जिभेपर्यंत आला आणि तिथेच बसला.

"म्हणा की तीन," शिंपी ओरडला.

लिलाववाल्यांनी तोंड मिटलं आणि वळून दुकानात गेले. खिडक्या एकेक करून बंद झाल्या. मागून काकूंचा आवाज आला, "घसा अजून बरा नाही त्यांचा." टोपीवाला म्हणाला, "काळजी घ्यायला सांगा हो." त्या 'काळजी'नं लिलाववाल्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी ते शिंप्याकडे गेले.

"तुमच्या मावशींचा कुत्रा द्या मला."

"विकायला काढताय?"

"फिरवायला. आणि एक टोपी."

शिंप्याला सगळं कळलं, पण तो असा माणूस की उसवलेलं दिसलं तर आधी थोडं आणखी उसवून बघणार. त्यानं मावशींचा कुत्रा दिला. हा कुत्रा इतका छोटा होता की वारा सुटला की मावशी त्याला खिशात ठेवत. शिवाय कुणीतरी शिवायला टाकून कधी न नेलेली एक टोपी दिली आणि एक लांब कोट.

संध्याकाळी लिलाववाले कॉलर वर करून, टोपी डोळ्यांवर ओढून स्वतःच्याच दुकानासमोर आले. बेत साधा होता. कुत्रा वाकेल, आपण आभाळात बघू, मग काकू खाली येतील आणि त्या सुरात म्हणतील, "तुमचं काहीतरी राहिलं बरं का." बस. तेवढं एकदा ऐकायचं होतं.

कुत्रा वाकेना. त्यांनी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं. पाववाल्यानं रामराम केला तर टोपीवाले लिलाववाले घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी परका आहे." शेवटी कुत्र्याला दया आली. वाटाण्याएवढं काहीतरी झालं.

लिलाववाल्यांनी आभाळाकडे बघितलं. पहिल्या लिलावाच्या दिवशीही धडधडलं नव्हतं असं हृदय धडधडत होतं. जिन्यावर पावलं वाजली. पायरीवर आली. थांबली.

"अहो," काकू म्हणाल्या.

लिलाववाल्यांनी डोळे मिटले.

"लाज नाही वाटत? स्वतःचं दार, स्वतःची फरशी, काल मी गुडघे टेकून घासलेली, आणि वर आभाळात काय बघताय, मामा राहतो का तिथे तुमचा? ती टोपी कुणाची? तो कोट कुणाचा? आणि त्या बिचाऱ्या जीवाला चार वेळा गल्लीभर ओढलंत, मी वरून बघत नव्हते होय?"

मी पुष्कळ आवाज ऐकलेत, पण असा नाही. दुकानातलं न चालणारं घड्याळ चालू झालं. दोन्ही खुर्च्या वीतभर मागे सरकल्या. छोटा कुत्रा स्वतःच कोटाच्या खिशात गेला. तीस वर्षं रोज तो आवाज ऐकून काकूंनी तो जसाच्या तसा मुरवून ठेवला होता, आणि आता झाकण उडालं होतं.

"उचला. एक वार…"

लिलाववाले वाकले.

"दोन वार…"

खिशात कागद नव्हता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात उचललं आणि उभे राहिले. चेहरा पडलेला.

"त्याला म्हणता 'राहिलं बरं का'," ते म्हणाले. "आणि मला हे."

"तो परका आहे. परक्याशी बेतानं बोलावं लागतं. तुमच्याशी बेतानं बोलायला लागले तर समजा आपलं काहीतरी बिनसलं."

"आणि हसता ते?"

"तो त्या कुत्र्याच्या करामती सांगतो. परवा म्हणाला, कुत्रा झोपला की घराचं दार उघडत नाही, याला खिडकीतून आत जावं लागतं. हसू नको?" मग त्या जवळ आल्या. "काल तीन वार का नाही म्हणालात?"

लिलाववाल्यांनी टोपीतल्या ऐवजाकडे बघितलं. "त्याचा हात वर होता," ते म्हणाले. "आणि तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या होतात."

काकू टोपीकडे वाकल्या. मग त्यांना टोपीच्या कडेला लोंबणारी शिंप्याची चिठ्ठी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं, 'डोकं मोठं आहे, सैल करणे.' आधी नाकातून. मग आवरेना. त्यांनी खुर्चीचा हात धरला, खाली बसल्या, डोळे पुसले आणि पुन्हा सुरू झाल्या. लिलाववाले टोपी हातात धरून उभे होते, आणि अंगठा ठणकायचा थांबला होता.

हे सगळं गल्लीच्या तोंडाशी उभा राहून टोपीवाला बघत होता. कुत्रा बसला होता, म्हणून ऊनही अडलं होतं. टोपीवाल्याचा चेहरा मात्र उतरला होता. दुसऱ्या दिवशी कुत्र्यानं माल ठेवला आणि टोपीवाला तिथेच उभा राहिला, वाट बघत. काकू म्हणाल्या, "राहिलं बरं का." तो हलला नाही. "अहो, राहिलं." तरी नाही.

"तुम्ही काल त्यांना जसं म्हणालात," टोपीवाला हळूच म्हणाला, "तसं नाही का म्हणणार?"

"तसं कसं म्हणू?" काकू म्हणाल्या. "तुमची माझी तेवढी ओळख कुठे आहे?"

त्यानं मुकाट्यानं उचललं. घरी त्याच्यावर ओरडायला कुणी उरलं नव्हतं, हे शिंप्यानं मागाहून काढून घेतलं. तीन दिवस तो तसाच येऊन, तसाच वाट बघून, तसाच पडलेल्या चेहऱ्यानं जात राहिला. शेवटी लिलाववाल्यांनाच राहवेना.

आता रोज संध्याकाळी दुकानाबाहेर तीन खुर्च्या असतात. टोपीवाला येतो, कुत्रा वाकतो, टोपीवाला मुद्दाम आभाळाकडे बघतो. मग लिलाववाले उठतात आणि छातीतून, पोटातून, जिथून निघेल तिथून त्याला झाडतात, एक वार, दोन वार, तीन वार. टोपीवाला समाधानानं उचलतो आणि चहाला बसतो.

फक्त तिसरा वार म्हणायच्या आधी लिलाववाले एकदा मागे वळून बघतात, काकू दुकानाच्या आत आहेत ना.