एकेचाळिसावी चिठ्ठी

डॉक्टरांचं अक्षर वाचू शकणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता, तो म्हणजे त्यांचा कंपाउंडर. सव्वीस वर्षं तो दवाखान्याच्या खिडकीमागे उभा राहून त्यांच्या चिठ्ठ्या वाचत आला होता. एकदा तर डॉक्टरांनी आपलीच जुनी चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवून विचारलं होतं, "काय लिहिलंय रे मी?" त्याने ते न अडखळता वाचून दाखवलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तर असे हे डॉक्टर यंदा निवडणुकीला उभे राहिले आणि चक्क निवडून आले. वर्तमानपत्राने पहिल्यांदाच निवडून आलेल्या सातजणांचे फोटो छापले आणि वर मथळा दिला, 'यांच्यावर लक्ष ठेवा'. त्यात डॉक्टर दुसरे होते. कंपाउंडरच्या बायकोने पान उलटसुलट करून पाहिलं. "अहो, हे पोलिसांनी छापलंय का?" तिने विचारलं. कंपाउंडर रागावला, पण हसला आधी.

लक्ष ठेवण्याचं काम अर्थात त्याच्याच गळ्यात पडलं. सकाळी दवाखाना आणि दुपारनंतर डॉक्टरांचे फोन, भेटी, फाइली. त्यामुळे पक्षात नेतेपदाची निवडणूक लागली तेव्हा डॉक्टरांनी कोणाला काय शब्द दिला हे त्याच्या कानांवर आपोआपच पडलं.

उमेदवार दोन होते. एक थोरले. त्यांना सगळा पक्ष थोरलेच म्हणायचा. सतरा वर्षं नेतेपद त्यांच्याकडे होतं आणि डॉक्टरांना उमेदवारी त्यांनीच दिली होती. दुसऱ्या वकीलबाई, वयाने थोरल्यांच्या मुलीएवढ्या. डॉक्टरांच्या प्रचारासाठी त्या दारोदार हिंडल्या होत्या. वकीलबाईंचं म्हणणं सरळ होतं : पक्ष पेंगतोय, कोणीतरी खिडक्या उघडायला हव्यात. कंपाउंडरला ते पटलं होतं. डॉक्टरांनाही पटलं होतं. गाडीत त्यांनी तसं बोलून दाखवलं होतं.

पण डॉक्टर मनाने मऊ. समोरच्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. थोरल्यांचा फोन आला तेव्हा म्हणाले, "मी तुमच्याबाहेर आहे का?" आणि वकीलबाई घरी आल्या तेव्हा म्हणाले, "माझं मत तुमचंच धरा." मत एक आणि वाटेकरी दोन. मतदानाच्या दिवशी सकाळी कंपाउंडरने गाडीत स्पष्ट विचारलं, "मग आज कोणाला, डॉक्टर?"

"बघू," डॉक्टर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मतदान पक्षाच्या कार्यालयात, वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत होतं. मत देणारे पक्षाचे निवडून आलेले एकेचाळीसजण होते. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्यायची, पडद्याआड जाऊन त्याने तिच्यावर नाव लिहायचं आणि पेटीत टाकायची, अशी पद्धत. मोजायला एक निवृत्त पोस्टमास्तर बोलावले होते, कारण दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला माणूस म्हणून त्यांचं एकट्याचंच नाव निघालं. नियम त्यांनी आधीच वाचून दाखवले. चिठ्ठी वाचता आली नाही तर ती बाद. मतं समसमान पडली तर आहे तोच नेता पुढे चालू. आणि एखादी चिठ्ठी नाव न लिहिताच पेटीत पडली असेल तर मतदान पूर्ण झालंच नाही असं समजायचं आणि सगळ्यांनी पुन्हा लिहायचं.

कंपाउंडर बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता. आतून मोजणी ऐकू येत होती. वीस झाली थोरल्यांची. वीस झाली वकीलबाईंची. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"एक चिठ्ठी लागत नाही," शेवटी पोस्टमास्तर म्हणाले. "आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचले मी. हे मला जमत नाही."

सभेत आपले डॉक्टर धरून दोन डॉक्टर होते आणि अक्षराच्या बाबतीत डॉक्टरांच्याही वरताण असा एक कंत्राटदार होता. तिघंही जमिनीकडे बघत होते म्हणे. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, बाहेर कंपाउंडर बसलाय, त्याला दाखवा. चिठ्ठी कोणाची हे विचारायचं नाही, फक्त नाव वाचून घ्यायचं. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या.

पोस्टमास्तर चिठ्ठी घेऊन शेजारच्या लहान खोलीत गेले. कंपाउंडर त्यांच्या मागे निघाला, तर जिन्यापाशी डॉक्टर आडवे आले. पाणी प्यायचं निमित्त करून ते बाहेर पडले होते.

"वाचता येत नाही म्हण," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढंच कर."

 कंपाउंडरने आत जाऊन चष्मा पुसला आणि चिठ्ठी हातात घेतली. 

ते नाव नव्हतंच. एक लांब नागमोडी रेघ आणि शेवटी वर उचललेलं शेपूट. ही रेघ जगात दोनच माणसांना ठाऊक होती. दवाखान्यात काहीजण असे यायचे की ज्यांना काहीही झालेलं नसायचं, पण औषध घेतल्याशिवाय जायचे नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर ही रेघ ओढायचे. तिचा अर्थ, रोग नाही, साखरेच्या गोळ्या दे. मग कंपाउंडर पांढऱ्या गोळ्यांची पुडी बांधायचा आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा, जेवणानंतर दोन, न चुकता. लोक बरे व्हायचे, वर येऊन आशीर्वादही द्यायचे. सव्वीस वर्षांत या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं.

आणि आता डॉक्टरांनी पक्षालाच साखरेची गोळी लिहून दिली होती.

"काही लागतंय का?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

लागत नाही म्हटलं की चिठ्ठी बाद, वीस-वीस, थोरले पुढे चालू. डॉक्टरांचं नाव स्वच्छ. वकीलबाई म्हटलं की वकीलबाई नेत्या, आणि तेही डॉक्टरांच्या मनातलंच होतं. कोणी खोटं पाडू शकलं नसतं. कंपाउंडरला मोह झाला, खोटं कशाला सांगा. पण मत त्याचं नव्हतं. आणि डॉक्टरांचं असून त्यांनी ते दिलं नव्हतं, याचा त्याला मनापासून राग आला. ज्या माणसाच्या हाताखाली आपण म्हातारे झालो तो असा पळपुटा निघावा, याचं वाईटही वाटलं.

"वाचता येतंय," तो म्हणाला. "पण हे नाव नाही. लिहिणाऱ्याने कोणाचंच नाव लिहिलेलं नाही."

"शपथेवर सांगाल?"

"सांगेन."

पोस्टमास्तरांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. आत जाऊन त्यांनी जाहीर केलं की मतदान पुन्हा होईल. खुर्च्या सरकल्या, कुरकुर झाली. त्या गडबडीत डॉक्टर पुन्हा बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सव्वीस वर्षांत तू कधी असं केलं नाहीस."

"दवाखान्यात ती माणसं आजारी नसायची, डॉक्टर," कंपाउंडर म्हणाला. "म्हणून खपून गेलं."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. मग आत गेले.

या खेपेला एकेचाळीसच्या एकेचाळीस चिठ्ठ्या वाचता आल्या. वकीलबाईंना एकवीस, थोरल्यांना वीस. टाळ्या झाल्या, वकीलबाईंभोवती गर्दी झाली, आणि थोरल्यांच्या आजूबाजूची जागा बघता बघता मोकळी झाली. ते आपला चष्मा डबीत ठेवत होते. दार उघडं होतं, त्यामुळे कंपाउंडरला सगळं दिसत होतं. डॉक्टर गर्दीकडे गेले नाहीत. ते सरळ थोरल्यांपुढे जाऊन उभे राहिले.

"माझं मत तुम्हाला नव्हतं," ते म्हणाले. "पहिल्या खेपेची ती चिठ्ठीही माझीच. मला तुमच्या तोंडावर सांगण्याचा धीर झाला नाही."

थोरल्यांनी डबी बंद केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"अरे, मी काल रात्री माणसं मोजली," ते म्हणाले. "वीस पक्की होती, एकविसावा तू. सकाळी फोन करून नुसतं नाही म्हणाला असतास, तर मी नाव मागे घेतलं असतं. त्या पोरीला माझ्या हाताने खुर्चीवर बसवून ताठ मानेने घरी गेलो असतो."

ते उठले, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर जरा थबकले. कंपाउंडरने हात पुढे केला. तो धरून ते एकेक पायरी उतरू लागले. वर डॉक्टर कठड्याशी उभे होते, आणि त्यांना खाली यायचं धाडस होत नव्हतं.