चार तारखेची नोटीस

शाळेच्या ऑफिसबाहेर, पाण्याच्या कूलरच्या उजव्या हाताला जो नोटीस बोर्ड आहे, तो मी. मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण माझ्या काचेत बघून केस सारखे करतात. माझ्यावर काय लिहिलं आहे, ते फार थोडे वाचतात. त्याचा मला राग नाही. मला किळस आली आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती पोटात ठेवून ठेवून माझी फळी कुजायची वेळ आली. म्हणून आज बोलतो.

मला एका सुताराने बनवलं. त्याची दोन मुलं याच शाळेत होती, म्हणून त्याने हात आखडता घेतला नाही. सागाची चौकट, आत मऊ फळी, वर हिरवं जाड कापड. तेव्हा मला काच नव्हती, कुलूप नव्हतं. त्या वेळच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या टाचण्या ओठांत धरून स्वतः कागद लावायच्या, दोन पावलं मागे सरकायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. बाई काही देवमाणूस नव्हत्या. चिडल्या की लाकडी पट्टी माझ्याच अंगावर आपटायच्या. पण माझ्यावर खोटा कागद त्यांनी कधी लावला नाही. निकाल लागले, चित्रं लागली, एकदा कुणाचा तरी हरवलेला मोजा आठवडाभर टाचणीला लटकत होता.

आणि दर दोन वर्षांनी शाळा समितीच्या निवडणुकीची नोटीस लागायची. समितीत पाच माणसं: मुख्याध्यापक, एक शिक्षक आणि पालकांनी निवडून दिलेले तीन पालक. नोटीस पंधरा दिवस माझ्यावर राहिली पाहिजे, असा नियम. मग पालक इथेच व्हरांड्यात रांग लावून चिठ्ठ्या टाकत. एकदा एक ट्रकचालक बाबा निवडून आले. पहिल्याच सभेत त्यांनी विचारलं, "पाचवीच्या वर्गात एक पंखा, तोही फिरत नाही. ऑफिसात दोन कसे काय?" दुसऱ्या दिवशी ऑफिसातला एक पंखा वर्गात गेला. बाई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत, पण पंखा गेला.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे मुख्याध्यापक आले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. सरांनी पहिल्या महिन्यात मला काच बसवली आणि कुलूप लावलं. एक किल्ली त्यांच्या खणात, दुसरी ऑफिसातल्या बाईंच्या पर्समध्ये. मला वाटलं, चला, आपली कुणाला तरी काळजी आहे! मी मूर्ख होतो.

सरांचा आवडता शब्द एकच, अधिकार. लिमलेटची गोळी घोळवावी तसा ते तो तोंडात घोळवायचे. माझ्या भिंतीच्या पलीकडे तळमजल्यावरचं मुलींचं स्वच्छतागृह होतं, आणि त्याला लागून सरांची केबिन. सरांना केबिनला जोडून बाथरूम हवं होतं. मधली भिंत फोडली, केबिनमधून आत जायला दार काढलं, गुळगुळीत फरश्या आल्या, गीझर आला, गोल आरसा आला. बाहेरच्या दाराला कुलूप लागलं आणि वर पाटी: 'दुरुस्ती चालू आहे'. काम केलं एका कंत्राटदाराने. हा कंत्राटदार समितीवरचा पालक प्रतिनिधी होता. बाकीचे दोन प्रतिनिधी म्हणजे त्याचा मेहुणा आणि त्याच्या दुकानातला कारकून. मेहुण्याच्या मुलीला तर शाळा सोडून दोन वर्षं झाली होती. तिघेही बिनविरोध.

त्या दिवसापासून सगळ्या मुलींना तिसऱ्या मजल्यावर जावं लागे. अडीचशे मुली, दोन संडास, पंधरा मिनिटांची सुट्टी, आणि वर पाणी चढलं तर चढलं. मी कूलरशेजारीच असतो, त्यामुळे मला लवकर कळलं. मुलगे घटाघटा पाणी प्यायचे. मुली एक घोट घ्यायच्या, चूळ भरायच्या आणि थुंकून टाकायच्या. हे सगळ्या शिक्षकांनी पाहिलं. एकानेही विचारलं नाही. माझ्या पाठीमागे सरांचा फ्लश दिवसातून पाच-सहा वेळा वाजायचा. त्यांचा पाइप गळत होता. ते पाणी भिंतीतून झिरपून माझ्या पाठीत मुरलं, मी फुगलो, मला कुबट वास मारायला लागला. दुसऱ्याचं बाथरूम अंगात मुरणं म्हणजे काय असतं, ते मी कुणाला सांगू?

मग एक दिवस सातवीतल्या एका मुलीची आई आली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची, म्हणून सगळे तिला लॅबवाल्या ताई म्हणत. ऑफिसातल्या बाई दारातच उभ्या होत्या.

"बाई, खालचं मुलींचं स्वच्छतागृह कधी उघडणार?"

"दुरुस्ती चालू आहे."

"दीड वर्ष?"

बाई हातातले कागद उगाच जुळवत राहिल्या.

"माझ्या मुलीला दुसऱ्यांदा लघवीचा संसर्ग झालाय," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "नमुना मीच तपासला. त्याच आठवड्यात याच गणवेशातल्या आणखी चार मुली आल्या. नावं मी सांगणार नाही. पण मला दिसतंय ना, बाई."

तेवढ्यात सर बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हसून म्हणाले, "अहो ताई, स्वच्छतेच्या सवयी घरी लावायच्या असतात. शाळा कुठवर पुरणार?"

मुलगी आईच्या मागे उभी होती. तिचे कान लालबुंद झाले. ती बुटांकडे बघत राहिली. मित्रांनो, माझ्यावर आजवर कुणी च्युइंगम चिकटवलं, कुणी मिशा काढल्या. त्या वाक्याइतकं घाण मला काही वाटलं नाही.

ताईंनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "समितीची निवडणूक कधी आहे?"

"बोर्डावर लागेल. बघत राहा," सर म्हणाले.

ताई खरोखरच बघत राहिल्या. एक तारखेपासून रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुलीला सोडायला आल्या की माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि मोबाइलवर माझा फोटो काढायच्या. एकदा ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "रोज कसला फोटो काढता? बोर्डावर काही नाही."

"काही नाही, त्याचाच काढते," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे नमुना आला की आधी तारीख-वेळ टाकतात. बाकीचं मग."

एकोणीस तारखेला, ताई फोटो काढून कामावर गेल्यावर, साडेअकराला माझं कुलूप उघडलं. ऑफिसातल्या बाईंच्या हातात निवडणुकीची नोटीस होती. तिच्यावर तारीख होती चार. अर्ज करायची शेवटची तारीख चौदा. बाईंच्या हातून टाचणी दोनदा निसटली. सर मागे उभे होते.

"थोडी चुरगाळा," ते म्हणाले. "अगदी कोरी दिसतेय. आणि तो खेळाच्या तासांचा कागद जरा वर घ्या, तिचा कोपरा त्याच्याखाली जाऊ दे."

बाईंनी नोटीस चुरगाळली. अंगठ्याने चोळून मळवली. मग शेजारी दुसरा कागद लागला: मुदतीत तीनच अर्ज आल्यामुळे पुढील तिघे बिनविरोध. तीच तीन नावं. सरांनी फोटो काढून घेतला. कंत्राटदार दात कोरत म्हणाला, "बरं झालं सर, निवडणुकीची कटकटच नको."

मला ओरडता येत असतं तर काच तडकली असती. पण मी लाकडाचा. ते खोटं मी छातीवर घेऊन उभा राहिलो. त्याच नोटिशीसमोरून त्या दिवशी तीन शिक्षक गेले. तिघांनी वाचली, तिघांनी माना खाली घातल्या. मला त्यांची शिसारी आली आणि माझीही आली.

दुसऱ्या सकाळी ताईंनी नोटीस दोनदा वाचली, फोटो काढला आणि निघून गेल्या. चौथ्या दिवशी त्या शिक्षण कार्यालयातल्या साहेबांना घेऊन आल्या. साहेबांच्या हातात फोटोंच्या छापील प्रती होत्या. ते एकेक प्रत माझ्याशी ताडून बघू लागले.

"सर, ही चार तारखेची नोटीस एकोणीसपर्यंत होती कुठे?"

"काचेवर उजेड पडतो, साहेब. फोटोत दिसत नाही."

"खेळाच्या तासांचा कागद दिसतो. त्यावरची टाचणीसुद्धा दिसते. नोटीसच तेवढी दिसत नाही?"

सर घाम पुसत काहीतरी अधिकारांबद्दल बोलू लागले. साहेबांनी फेरनिवडणूक घ्यायला सांगितली. पण सरांबद्दल अहवालात काय लिहिलं, ठाऊक आहे? 'तांत्रिक चूक.' कागद मुद्दाम मळवून लावणं ही तांत्रिक चूक! सर आणि साहेब नंतर केबिनमध्ये बसून चहा प्यायले.

फेरनिवडणुकीला मात्र व्हरांड्यात पुन्हा रांग लागली. ताई निवडून आल्या, त्यांच्याबरोबर एक रंगकाम करणारे बाबा आणि शिकवण्या घेणारी एक आई. पहिली सभा केबिनमध्ये झाली. भिंत एकच असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"खोल्यांचं वाटप हा माझा अधिकार आहे," सर म्हणाले.

"असेल," ताई म्हणाल्या. "पण ठराव करण्याचा अधिकार समितीचा आहे, आणि ठराव बोर्डावर लावणं नियमात आहे. मुलींचं स्वच्छतागृह उघडावं, हा माझा ठराव."

तिघे बाजूने, सर विरोधात. समितीवरचे शिक्षक तटस्थ.

"लावू की ठराव," सर म्हणाले. "बोर्डाची किल्ली हरवलीय. सापडली की लावू."

आठ दिवस किल्ली सापडली नाही. सर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला किल्ली हरवल्याचं सांगत होते. दुसरी किल्ली ऑफिसातल्या बाईंच्या पर्समध्ये होती, आणि बाईंनी ती बाहेर काढली नाही.

नवव्या दिवशी, मधली सुट्टी संपता संपता, चौथीतली एक मुलगी जिन्याकडे धावत निघाली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती पोचली नाही. माझ्यासमोरच थांबली, पाय जुळवून उभी राहिली आणि रडायला लागली. फरशी ओली झाली. ऑफिसातल्या बाई पळत आल्या, अंगातला स्वेटर काढून तिच्या कमरेला गुंडाळला, तिला पोटाशी धरलं. केबिनचं दार उघडलं. सरांनी फरशीकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला, "शिपायाला सांगा, फिनाईल टाक म्हणावं," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

बाई मुलीला तिच्या वर्गशिक्षिकेकडे सोडून परत आल्या. पर्स उघडली. किल्ली काढली. फाइलमधून ठराव काढून माझ्यावर लावला, अगदी मधोमध. या वेळी टाचणी निसटली नाही. कुलूप लावून त्यांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि किल्ली घेऊन घरी गेल्या.

आता सरांची पंचाईत झाली. हरवली म्हणून गावभर सांगितलेली किल्ली खणातून काढायची कशी? आणि काच फोडायची तर समोर पालक उभे. तीन दिवस लोक येऊन ठराव वाचत होते, एकमेकांना वाचून दाखवत होते. रंगकाम करणारे बाबा तर अडलेला शब्द सुटा करून आजीबाईंना समजावून सांगत होते. चौथ्या दिवशी केबिनमधलं दार खिळे ठोकून बंद झालं आणि स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं.

गोष्ट इथे संपली असती तर माझा राग थोडा निवला असता. पण आठवड्याने सरांनी त्या दाराला लाल फीत बांधली आणि स्वतः कापली. कंत्राटदार टाळ्या वाजवत होता. साहेब आले होते. माना खाली घालून गेलेले तीनही शिक्षक फोटोत पुढच्या रांगेत उभे राहिले. ताई तेव्हा लॅबमध्ये होत्या, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. तो फोटो मोठा करून माझ्यावर लावला. खाली ओळ: 'मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने विद्यार्थिनींसाठी स्वच्छतागृह.'

ताईंच्या मुलीने तो वाचला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. "आई, हे खोटं आहे. तू काही बोलत का नाहीस?"

"बोलणार," ताई म्हणाल्या. "तेरा तारखेला सभा आहे. फोटोखालची ओळ बदलायचा ठराव पहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याचा दुसरा." मग म्हणाल्या, "नाही. पाण्याचा पहिला."

त्या सभेची नोटीस ऑफिसातल्या बाईंनी बारा दिवस आधी लावली होती. पालकांना येऊन बसायची मुभा होती, तसं जाड अक्षरांत लिहिलं होतं. चाळीस खुर्च्या मांडल्या. आले सहा जण. पाण्याचा ठराव झाला, ओळीचा वेळेअभावी राहून गेला, आणि तो फोटो अजून माझ्या अंगावर आहे.

मित्रांनो, माझी काच पुसायची असेल तर पुसा, माझी फुगलेली फळी बदलली तरी उपकार होतील. पण त्याआधी आज घरी जाऊन आईला, बाबांना, नाहीतर जो कुणी तुम्हाला शाळेत सोडायला येतो त्याला सांगा, की पुढची सभा सत्तावीस तारखेला, सकाळी साडेदहाला आहे. चौतीस खुर्च्या रिकाम्या आहेत.