सिस्टरांचा खालचा सूर

“बंद करा ते. माझ्याच्यानं नाही व्हायचं,” असं म्हणून सिस्टर गळ्याशी हात नेत स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्यांच्या नवऱ्याने कीबोर्ड बंद केला नाही, फक्त आवाज कमी केला. त्यांना सगळे मेस्त्री म्हणत. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर हयात काढलेला माणूस. एखादी गोष्ट कुरकुरते म्हणून लगेच बंद करायची नसते, आधी ती कुठून कुरकुरते ते ऐकायचं असतं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

गेल्या वर्षी सिस्टरांच्या गळ्यातली गाठ काढली होती. गाठ गेली, पण जाताना आवाजाचा वरचा मजलाच घेऊन गेली. त्याआधी हॉस्पिटलात नर्स म्हणून ऑपरेशनच्या वॉर्डात त्या घाबरलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून आईचं एक जुनं गाणं हळूच म्हणायच्या. शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. “भाषण नको, तुमचं ते गाणं हवं,” असं मेट्रनबाईंनी बजावलं होतं. सिस्टरांनी नाही म्हटलं, आणि मेस्त्रींनी परस्पर हो म्हणून टाकलं.

कीबोर्ड लेकीच्या शाळेच्या दिवसांतला. पट्टी हळू दाबा की ठोसा मारा, आवाज तेवढाच. बासरीचं म्हणून जे बटण होतं ते दाबलं की बसच्या भोंग्यासारखं काहीतरी वाजे. मधली एक काळी पट्टी ठार मुकी. मेस्त्रींनी खोलून पाहिलं. आतलं रबर झिजून गेलं होतं.

“बाबा, नवीन घ्या ना! त्या खेळण्याच्या मागे काय लागलात?” लेक फोनवर म्हणाली.

“खेळणं तर खेळणं. याच्यात मोटर नाही, म्हणजे जळायची तरी भीती नाही.”

“आई गाणार नाही म्हणते.”

“म्हणू दे की. अजून शनिवार कुठे आलाय?”

या यंत्रात एक गोष्ट मात्र फक्कड होती. एक बटण दाबत गेलं की सगळ्या पट्ट्यांचा सूर एकेक पायरी खाली उतरायचा. मेस्त्रींनी आधी मुकी पट्टी लागणारच नाही अशा जागेवरून सगळं गाणं बोटांत बसवलं. मग स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून ते वाजवायला बसले. एकदा वाजवलं, एक पायरी उतरले, पुन्हा वाजवलं. आतून फक्त भांड्यांचा आवाज. आणखी उतरले. भांडी थांबली. आणखी एक पायरी.

“आता फारच खाली गेलात!” आतून आवाज आला. “मघाचंच बरं होतं.”

मेस्त्रींनी निमूटपणे मघाचं लावलं. हसू ओठांतच दाबलं, नाहीतर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

सिस्टर हात पुसत दारात आल्या आणि उभ्यानेच पहिली ओळ म्हणून गेल्या. आवाज जाडाभरडा, ओळीच्या शेवटी दमलेला. त्यावर वाजणारा कीबोर्ड त्यांना पार झाकून टाकत होता.

“हळू वाजवा की जरा.”

“याला हळू येत नाही.”

“मग?”

“मग बोटं कमी करतो.” त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला. डाव्या हाताचं एकच बोट सिस्टरांच्या आवाजाखाली चालत राहिलं. “वरच्या सुराची ओळ आली की तू थांब. ती मी वाजवीन.”

सिस्टरांनी जरा विचार केला. “बघू,” म्हणाल्या. त्या ‘बघू’वर मेस्त्री आठवडाभर खुशीत होते.

शनिवारी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये टेबलं भिंतीला सरकवली होती. परिचारिका, डॉक्टर, वॉर्डबॉय, चाकाच्या खुर्चीतले दोघे रोगीसुद्धा. सिस्टरांनी माइक बाजूला केला. “एवढीशी तर खोली,” म्हणाल्या आणि सुरू झाल्या.

पहिलं कडवं नीट गेलं. मेस्त्रींचं एक बोट खालून सोबत करत होतं. वरची ओळ जवळ आली तसा त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर आणला आणि बायकोकडे पाहिलं.

सिस्टर थांबल्या नाहीत. वरची ओळ त्यांनी वर नेलीच नाही. तिला हाताला धरून खाली उतरवली, खोल, जवळजवळ बोलल्यासारखी. असं त्यांनी घरी कधी केलं नव्हतं. मेस्त्रींनी उजवा हात उचलला आणि डाव्या बोटाने त्यांच्यामागे धाव घेतली. त्या एक पायरी उतरल्या की तेही एक उतरत. बोट डावीकडे सरकत राहिलं आणि एकदम पट्ट्या संपल्या. जेमतेम तीन सप्तकांचं वाद्य ते. त्याच्यापुढे नुसतं प्लॅस्टिक होतं.

सिस्टर अजून उतरत होत्या. रात्री रोग्याच्या कानाशी बोलावं तसा तो आवाज, खरखरीत आणि अजिबात न घाबरलेला. कॅन्टीनमधलं कुणी हललं नाही. मेट्रनबाईंनी चष्मा काढून हातात धरला.

बटण दाबून यंत्र आणखी खाली उतरवता आलं असतं. मेस्त्रींचा हात तिकडे गेलाही. पण सिस्टरांनी ‘नको’ म्हणून मान किंचित हलवली, आणि शेवटच्या दोन ओळी त्यांनी एकटीने म्हटल्या.

मेस्त्री डावीकडच्या अगदी टोकाच्या पट्टीवर बोट ठेवून, ती न दाबता, ऐकत बसले.