उभ्या गाडीचा ताप

"काकू, झाकण उघडू नका! मागं व्हा आधी!"

मिस्त्री हातातला पाना टाकून धावला. काकू ओलं फडकं घेऊन बॉनेटखाली वाकल्या होत्या आणि रेडिएटरमधून वाफ फुसफुसत होती. त्यांना बाजूला घेऊन त्यानं स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"ही चौथी खेप, मिस्त्री," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तेच त्याला जास्त लागलं.

गेल्या महिन्याभरात त्यानं काय काय केलं नव्हतं! जुनं कूलंट काढून नवं भरलं. रेडिएटर उतरवून धुतला. पाण्याचा पंप पाहिला. थर्मोस्टॅट तर घरी नेऊन उकळत्या पाण्यात सोडला होता. तो उघडला छान, पण पातेलं बायकोचं चहाचं निघालं, त्यावरून दोन दिवस घरात अबोला. गाडी चढावर पिटाळून आणली, तरी तापमानाचा काटा शहाण्या मुलासारखा मधोमध. दहा मिनिटं उभी ठेवून पंखा तपासला. वेळेवर सुरू, वेळेवर बंद. त्याच्या हाताला गुण आहे असं लोक सव्वीस वर्षं म्हणत आले होते, आणि ही एवढीशी गाडी त्याचं नाक कापायला निघाली होती.

"तापते तरी कधी, काकू?"

"चालवताना."

"किती चालवता?"

"बाजारापर्यंत. येऊन जाऊन." काकू पर्सची चेन उघडझाप करत होत्या. "मुलगी पुढच्या आठवड्यात येतेय. म्हणते, आई, रस्त्यात कुठं पेट घेईल, काढून टाक ती गाडी. या वेळी ती ऐकायची नाही."

"मग द्या की काढून. बाजाराला रिक्षा आहेत."

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की आपण काहीतरी भलतंच बोललो हे त्याला कळलं. पण काय, ते कळलं नाही.

जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती ताटात भात वाढता वाढता थांबली.

"महिनाभर तुम्ही इंजिनाला विचारताय. काकूंना विचारलंत?"

"विचारलं ना. बाजारात जाते म्हणाल्या."

"बाजार त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर आहे. तेवढ्यात दूधसुद्धा तापत नाही."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सरळ सांगितलं, "काकू, तुम्ही रोज जाता तशाच जा. मी मागच्या सीटवर बसतो. मध्ये एक अक्षर बोलणार नाही."

काकूंनी पर्सची चेन ओढून बंद केली. मग म्हणाल्या, "कुणाला सांगणार नाही ना?"

"गाडीचं दुखणं गाडीवाल्यापाशीच राहतं, काकू. तोंडाला कुलूप."

चार वाजता तो त्यांच्या घरी गेला. काकू दंडाला धरून काकांना बाहेर घेऊन आल्या. उंच माणूस. इस्त्रीचा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, केस पाण्यानं चापून बसवलेले. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. आता तीन वर्षं झाली, एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यातून उतरून जात होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलीचं, मग काकूंचं.

"दुपार कलली की दार धरून हलवायला लागतात," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "ड्यूटी आहे, गाडी चुकेल, म्हणतात. मारायचेसुद्धा मला. एकदा कंटाळून स्टिअरिंगसमोर बसवलं, इंजिन चालू केलं, आणि शांत झाले बघा. अगदी बाळासारखे."

पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या रस्त्यावर काकूंनी गाडी उभी केली. गिअर काढला, हँडब्रेक ओढला, उतरून चारही चाकांना लाकडी ठोकळे लावले. काकांना चालकाच्या जागी बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि हात पुढे करून इंजिन चालू केलं.

काकांनी आरसा नीट केला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. चेहऱ्यावरची सगळी घालमेल निवळली. समोर नुसती भिंत आणि चार झाडं, पण नजर लांबच्या रस्त्यावर लागावी तशी.

"बाई, नीट धरून बसा," ते काकूंना म्हणाले. "पुढं वळण आहे."

"हो," म्हणत काकूंनी दाराची मूठ धरली. मागं मिस्त्रीनंही नकळत सीट धरली.

पंखा आला, गेला. पुन्हा आला, गेला. मिस्त्रीची नजर काट्यावर. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. काटा मधोमध. त्याला डुलकी यायला लागली.

काकांनी मान तिरकी केली.

"पंखा नाही आला."

"काय म्हणालात?" मिस्त्री दचकला.

"आत्ता यायला हवा होता. गाडी मरेल." आणि त्यांनी स्वतःच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मिस्त्रीनं पुढं वाकून काटा पाहिला. तो नुकताच लाल रेघेकडे सरकू लागला होता. त्यानं उतरून बॉनेट उघडलं, काडीनं पंख्याचं पातं ढकललं. जागचं हलेना. मागची मोटर चटका बसेल इतकी तापलेली. थंड असताना ठणठणीत फिरायची, पण दोनतीनदा चालून गरम झाली की अडकून बसायची. धावत्या गाडीला वारा मिळतो, तिचं भागून जातं. उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोण? आणि त्यानं तपासणी केली होती दहा मिनिटं.

लाज वाटली, आणि हसूही आलं. तो खिडकीशी गेला.

"काका, अचूक पकडलंत. मी महिनाभर शोधत होतो."

काकांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "किती वर्षं झाली या कामाला?"

"सव्वीस."

"शिकाल हळूहळू."

काकू हसायला लागल्या, ते थांबेचनात. हसता हसता पदर डोळ्यांना लागला. "किती दिवसांनी कुणाला उत्तर दिलं यांनी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं हो. पण उभ्या गाडीत बसून प्रवास करतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मुलगी म्हणाली असती, आई, आता तुझंही डोकं गेलं."

"काकू," मिस्त्री म्हणाला, "बाजाराच्या नावानं मी तुमची अख्खी गाडी खोलली."

त्याच दिवशी त्यानं नवी मोटर बसवली. मग दुसऱ्या दिवशी दीड तास गाडी उभ्यानं चालू ठेवली, आणि तेवढा वेळ समोरून हलला नाही. बायकोनं डबा तिथंच पाठवला.

पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "मुलीला मीच नेलं तिथं. एकदाचं बघू दे म्हटलं."

"मग?"

"बाहेर उभी राहून बघत होती. मग मागं येऊन बसली. हे म्हणाले, दार नीट लावा. तिनं लावलं. तासभर बसली. गाडीबद्दल काही बोलली नाही."

बऱ्याच दिवसांनी एका गिऱ्हाइकाकडून परतताना मिस्त्री स्कूटरवरून टाकीमागच्या रस्त्यानं निघाला. गाडी उभी होती. चाकांना ठोकळे, इंजिनाची एकसारखी घरघर. त्यानं वेग कमी केला, पंख्याचा आवाज ऐकला, आणि थांबावं की जावं अशा विचारात मागंच रेंगाळला.

खिडकीतून काकांचा हात बाहेर आला. त्यांनी आरशात पाहिलं असावं. पंजा खाली करून त्यांनी तो दोनदा सावकाश पुढं हलवला. रस्ता मोकळा आहे, जा तुम्ही.

मिस्त्रीनं एकदाच हळू हॉर्न दिला आणि कडेनं, अंतर राखून, स्कूटर पुढं काढली.